हाताने माउंट होतं, बूटला होत नाही

मशीन चालू झालं, लॉगिन केलं, आणि एनएफएसचं, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून आपल्या मशीनला जोडलेलं (माउंट केलेलं), फोल्डर रिकामं. टर्मिनल उघडून 'सुडो माउंट -ए' दिलं की सगळ्या फाइली लगेच हजर. रीस्टार्ट केलं की परत रिकामं.

लिनक्सवर एनएफएस वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. तिच्यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे एखाद्या स्क्रिप्टमध्ये 'स्लीप ३०' टाकायचं आणि मग माउंट करायचं. कृपा करून हे करू नका. तीस सेकंद पुरले तर ते रोज वाया जातात. आणि वीज जाऊन आल्यावर स्विच, राउटर, नॅस (नेटवर्कवर फाइली पुरवणारा स्टोरेज सर्व्हर) आणि तुमचं मशीन एकदमच उठतात, तेव्हा तीस सेकंद पुरत नाहीत. ज्या दिवसासाठी उपाय केला, त्याच दिवशी तो हात वर करतो.

हाताने माउंट होतं, ही माहिती फार मोलाची आहे. त्यातून एका फटक्यात चार गोष्टी सिद्ध होतात: सर्व्हर चालू आहे, त्याने तुमच्या पत्त्याला परवानगी दिली आहे, एफएसटॅबमधली (कुठे काय माउंट करायचं ते लिहिलेल्या /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमधली) ओळ बरोबर आहे, आणि एनएफएसचं क्लायंट पॅकेज बसवलेलं आहे. म्हणजे बिघाड ओळीत नाही, वेळेत आहे. मग प्रश्न एवढाच उरतो: बूट होताना ज्या सेकंदाला माउंटचा प्रयत्न झाला, त्या सेकंदाला काय तयार नव्हतं? हे लॉगमधून नक्की शोधता येतं, अंदाज बांधायची गरज नाही.

खाली कमांड आणि ऑप्शन देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये आणि फाइलमध्ये ते अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत टाकायचे; फक्त NetworkManager, RequiresMountsFor आणि RequiredForOnline ही नावं अशीच, मोठ्या-छोट्या अक्षरांसह. उदाहरणासाठी नॅसचा पत्ता १९२.१६८.१.२० धरू, त्यावरचं शेअर /एक्सपोर्ट/डेटा, आणि आपल्या मशीनवर ते /एमएनटी/डेटा इथे हवं आहे. एफएसटॅबमधली साधी ओळ अशी:

१९२.१६८.१.२०:/एक्सपोर्ट/डेटा  /एमएनटी/डेटा  एनएफएस  डिफॉल्ट्स,_नेटडेव्ह  ०  ०

शेवटची दोन शून्यं तशीच ठेवा. दुसरं शून्य म्हणजे बूटला डिस्क तपासणी नको. ही डिस्क आपली नाही, सर्व्हरची आहे.

ओळीचं युनिट कसं होतं

आजच्या बहुतेक डिस्ट्रोंमध्ये बूटच्या वेळी एफएसटॅब थेट वाचून माउंट होत नाही. सिस्टमडीचा (बूटपासून सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) एक छोटा जनरेटर सुरुवातीलाच ती फाइल वाचतो आणि प्रत्येक ओळीचं एक माउंट युनिट, म्हणजे सिस्टमडीला कळणारी कामाची फाइल, बनवून /रन/सिस्टमडी/जनरेटर या फोल्डरमध्ये ठेवतो. युनिटचं नाव माउंटच्या जागेवरून पडतं: /एमएनटी/डेटा असेल तर एमएनटी-डेटा.माउंट. जागेच्या नावातच आडवी रेघ असेल, उदाहरणार्थ /एमएनटी/जुना-डेटा, तर ती रेघ युनिटच्या नावात वेगळ्या कोडने लिहिली जाते. ते नाव हाताने जुळवत बसू नका. 'सिस्टमडी-एस्केप -पी --सफिक्स=माउंट' आणि पुढे जागेचा पूर्ण मार्ग द्या, नेमकं नाव मिळेल.

म्हणून एफएसटॅब बदलली की 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' द्यायलाच हवं. नाही दिलं तर सिस्टमडी जुनं युनिटच धरून बसते आणि आपण नव्या ओळीत चूक शोधत राहतो. 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' हीसुद्धा चालवून घ्या. ओळीतल्या साध्या चुका, जसं की नसलेलं फोल्डर किंवा चुकलेला प्रकार, ती लगेच दाखवते.

आता _नेटडेव्हबद्दल. हा ऑप्शन टाकला की माउंट नेटवर्कची वाट पाहतं, असं सर्रास सांगितलं जातं. पण प्रकाराच्या रकान्यात एनएफएस किंवा एनएफएस४ लिहिलं असेल तर सिस्टमडी ते नेटवर्कचं माउंट म्हणून आपणच ओळखते. _नेटडेव्हने त्यात काही भर पडत नाही. असू द्या, नुकसान नाही, पण तो टाकूनही अडचण तशीच राहिली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

तो खरा लागतो बाइंड माउंटला, आणि तिथेच लोक तो विसरतात. समजा एनएफएसमधलं एक फोल्डर दुसऱ्या जागी दाखवायचं आहे:

/एमएनटी/डेटा/फोटो  /एसआरव्ही/फोटो  नन  बाइंड  ०  ०

या ओळीत एनएफएस हा शब्दच नाही. सिस्टमडी हे माउंट मशीनच्या आतलं समजते आणि लोकल-एफएस.टार्गेटच्या, म्हणजे बूटमधल्या 'आतलं सगळं जोडून झालं' या टप्प्याच्या, आधी उरकायला बघते. पण त्याला आधी /एमएनटी/डेटा हवं, त्याला नेटवर्क हवं, आणि नेटवर्कच्या सेवा तर लोकल-एफएस झाल्यावरच सुरू होणार. वर्तुळ पूर्ण. लॉगमध्ये 'ऑर्डरिंग सायकल' असा शब्द येतो आणि सिस्टमडी वर्तुळ तोडायला त्यातलं एखादं काम सरळ वगळते. कुठलं वगळलं जाईल याची खात्री नसते. त्यामुळे कधी माउंट गायब, कधी भलतीच सेवा गायब. शिवाय आतलं म्हणून धरलेलं माउंट पडलं तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागत उभं राहतं. लांबच्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात ठेवलेल्या मशीनचं हे झालं तर तिथे जाण्यावाचून इलाज नाही. 'बाइंड' च्या जागी 'बाइंड,_नेटडेव्ह,नोफेल' लिहिलं की दोन्ही संकटं टळतात (नोफेल म्हणजे माउंट पडलं तरी बूट अडवू नको).

आधी लॉग, मग उपाय

रीस्टार्ट करा, आणि हाताने माउंट करायच्या आधी ही कमांड द्या:

जर्नलसीटीएल -बी -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक -यू एमएनटी-डेटा.माउंट -यू नेटवर्कमॅनेजर

शॉर्ट-मोनोटॉनिकमुळे घड्याळाच्या वेळेऐवजी कर्नल सुरू झाल्यापासूनचे सेकंद दिसतात. बूटमध्ये घड्याळ स्वतःच मागेपुढे होत असतं, म्हणून हे सेकंदच भरवशाचे. नको त्या ओळी काढून टाकल्या तर चित्र साधारण असं दिसतं:

[ ५.९] लिंक कनेक्टेड
[ ७.४] आयपीव्ही६ पत्ता मिळाला, स्टार्टअप कम्प्लीट
[ ७.५] माउंटिंग /एमएनटी/डेटा
[ ७.५] माउंट.एनएफएस: नेटवर्क इज अनरीचेबल
[ ९.८] डीएचसीपी४: १९२.१६८.१.३७

इथे सगळी गोष्ट पाच ओळींत आली. राउटरने आयपीव्ही६चा पत्ता झटकन दिला. नेटवर्कमॅनेजरच्या (नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेच्या) मूळ सेटिंगमध्ये दोहोंपैकी एक पत्ता मिळाला तरी कनेक्शन तयार मानतात, म्हणून त्याने 'झालं' असं सांगितलं. माउंट धावलं, पण नॅसचा पत्ता आयपीव्ही४चा, आणि तो रस्ता अजून उघडलाच नव्हता. दोन सेकंदांनी उघडला. उपाय एका ओळीचा आहे, आयपीव्ही४ मिळाल्याशिवाय कनेक्शन तयार मानू नको असं सांगायचं:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "कनेक्शनचं नाव" आयपीव्ही४.मे-फेल नो

हे सेटिंग फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि घरच्या नेटवर्कवर 'कधी होतं, कधी होत नाही' या तक्रारीमागे ते निघण्याची शक्यता बरीच.

लॉगमधला एररचा मजकूर बारकाईने वाचा, कारण प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. 'नेटवर्क इज अनरीचेबल' म्हणजे त्या क्षणी मशीनला बाहेर जायला रस्ताच नव्हता. बहुतेकदा माउंट तिथल्या तिथे पडतं, पुन्हा प्रयत्न होत नाही. 'नो रूट टू होस्ट' म्हणजे रस्ता होता, पण नॅसने हाकेला ओ दिली नाही. नॅस अजून उठत असेल किंवा मधला स्विच अजून पॅकेट सोडत नसेल. 'कनेक्शन रिफ्युज्ड' म्हणजे नॅस उठलाय, पण त्यावरची एनएफएस सेवा अजून २०४९ या पोर्टवर ऐकत नाही. 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' म्हणजे ओळीत आयपीऐवजी नाव लिहिलंय आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) तयार नाही. 'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आला तर नेटवर्क ठीक आहे, सर्व्हरनेच नकार दिला. आणि 'बॅड ऑप्शन' म्हणत माउंट.एनएफएस हेल्परची आठवण करून दिली असेल तर पॅकेजच नाही: डेबियन-उबुंटूवर एनएफएस-कॉमन, फेडोरा आणि त्याच्या कुटुंबात एनएफएस-युटिल्स.

नावाचा उपाय सोपा आहे: ओळीत आयपी लिहा, किंवा /ईटीसी/होस्ट्समध्ये नॅसचं नाव आणि पत्ता नोंदवा. दुसरा मार्ग जास्त चांगला. उद्या नॅसचा पत्ता बदलला तर एकच जागा बदलावी लागते. '.लोकल' ने संपणारी नावं मात्र बूटच्या माउंटसाठी वापरूच नका. ती शोधायला वेगळी सेवा उठावी लागते, आणि ती तुमच्या माउंटच्या आधी उठेल याची हमी कोणी देत नाही.

नेटवर्क आहे म्हणजे नेमकं काय

सिस्टमडीत दोन टार्गेट आहेत आणि त्यांची नावं फसवी आहेत. नेटवर्क.टार्गेट गाठलं म्हणजे नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली, बस. पत्ता मिळाला असा त्याचा अर्थ नाही. नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेटचा अर्थ पत्ता मिळाला, आणि एनएफएसचं माउंट याचीच वाट पाहतं. पण हे दुसरं टार्गेट स्वतः काहीच तपासत नाही. त्याच्या वतीने वाट पाहणारी एक वेगळी सेवा असते. ती बंद असेल तर टार्गेट रिकाम्या हाताने, क्षणात 'गाठलं' जातं.

म्हणून पहिली तपासणी ही:

सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस
सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस

बूट लवकर व्हावं म्हणून ही सेवा बंद करा, असा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. ज्याला नेटवर्कचं माउंट नाही त्याला तो चालेल. तुम्हाला नाही. तुमचं नेटवर्क जो सांभाळतो, नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी, त्याची सेवा चालू ठेवा आणि दुसऱ्याची बंद करा. दोन्ही चालू असतील तर नेटवर्कडीवाली अशा कार्डांची वाट पाहत बसते जी तिच्या ताब्यातच नाहीत, आणि तिची मूळ मुदत १२० सेकंद आहे. बूट बरोबर दोन मिनिटं अडकत असेल तर संशय आधी तिच्यावर घ्या.

नेटवर्कडी खरोखर वापरत असाल तरी एक खोच आहे. मशीनला दोन लॅन पोर्ट असतील आणि केबल एकाच पोर्टला असेल, तर ती दुसऱ्या रिकाम्या पोर्टचीही वाट पाहते. त्या पोर्टच्या .नेटवर्क फाइलमध्ये लिंक विभागात 'रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो' लिहा. उबुंटूवर नेटप्लॅन असेल तर त्या पोर्टखाली 'ऑप्शनल: ट्रू'.

वायफायवर आणखी एक अडचण येते. डेस्कटॉपवर वायफायचा पासवर्ड कित्येकदा फक्त त्या युजरपुरता साठवलेला असतो, आणि तो लॉगिन झाल्यावरच उघडतो. मग बूटच्या वेळी वायफाय जोडलं जाणार कसं? कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'सर्व युजरसाठी उपलब्ध' ही खूण करा, म्हणजे पासवर्ड सिस्टममध्ये साठवला जाईल. रास्पबेरी पायवर रास्पी-कॉन्फिगमध्ये नेटवर्क येईपर्यंत बूट थांबवायचा ऑप्शन आहे, तोही बघून घ्या.

ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर आणखी एक कारण असतं, आणि ते मशीनमध्ये कितीही शोधलं तरी सापडत नाही. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींचं वर्तुळ होऊ न देणारी व्यवस्था) चालू असेल तर पोर्टला केबल जिवंत झाल्यावर स्विच १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच पॅकेट सोडतो. या ३० सेकंदांत कार्डावरचा दिवा लागलेला असतो. पत्ता स्थिर लिहून ठेवला असेल तर नेटवर्क-ऑनलाइनही लगेच गाठलं जातं. फक्त एकही पॅकेट पलीकडे जात नाही. ओळीत आयपी असेल तर माउंट 'नो रूट टू होस्ट' मिळूनही पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि अर्ध्या मिनिटाने जोडलं जातं. नाव असेल तर डीएनएसपर्यंत पोचता न आल्यामुळे कित्येकदा लगेच माघार घेतं. मशीन ज्या पोर्टला लावलंय तो एज पोर्ट म्हणून नोंदवणं हाच खरा इलाज. सिस्कोच्या भाषेत पोर्टफास्ट. नेटवर्कवाल्यांना नेमकं हेच सांगा. 'नेट उशिरा येतं' असं मोघम सांगून काम होत नाही.

दीड मिनिटाचं गणित

स्क्रीनवर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि पुढे १ मिनिट ३० सेकंदांची मोजणी दिसली तर ती कुठून येते हे समजून घ्या. माउंट.एनएफएस स्वतः, मागे न जाता (फोरग्राउंडमध्ये), मूळ हिशोबाने २ मिनिटं प्रयत्न करतं. हा 'रिट्राय' ऑप्शन, आणि तो मिनिटांत मोजतात. पण सिस्टमडीची मूळ मुदत ९० सेकंदांची. म्हणजे १२० सेकंदांचा प्रयत्न ९०व्या सेकंदाला मारला जातो. नॅसला उठायला शंभर सेकंद लागत असतील तर दहा सेकंदांनी संधी हुकते, रोज, नेमाने. नुसतं 'रिट्राय=५' लिहून म्हणूनच काही होत नाही. सोबत 'एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३००' हवं.

जोडीने 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट' लिहिलेल्या ओळीही पुष्कळ दिसतात. ते डिस्कसारख्या डिव्हाइससाठी आहे. एनएफएसच्या ओळीत सिस्टमडी ते दुर्लक्षित करते. असेल तर काढून टाका, निदान वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही.

जुन्या युनिक्स सवयीतला 'बीजी' ऑप्शन अजून चालतो. जनरेटर तो ओळखतो आणि त्याच्या जागी मुदत अमर्याद, रिट्राय १०००० मिनिटं आणि नोफेल असं धरतो. दहा हजार मिनिटं म्हणजे जवळपास आठवडा. बूट न अडवता मागे प्रयत्न चालू राहावा एवढंच हवं असेल तर हे पुरेसं आहे.

बहुतेकांसाठी योग्य ओळ

माझं स्पष्ट मत असं: डेस्कटॉप, लॅपटॉप आणि घरच्या सर्व्हरवर बूटच्या क्षणी माउंट करण्याचा हट्टच सोडा. फोल्डरला पहिल्यांदा कोणी हात लावेल तेव्हा माउंट होऊ द्या.

१९२.१६८.१.२०:/एक्सपोर्ट/डेटा  /एमएनटी/डेटा  एनएफएस  _नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३०,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=६००  ०  ०

ऑप्शनच्या मधे स्वल्पविराम, पण जागा सोडायची नाही. एक जागा सुटली तरी पुढचा भाग वेगळा रकाना समजला जातो.

बूटला फक्त पहारेकरी बसतो, नेटवर्क असो वा नसो. फोल्डर उघडलं की तो माउंट करतो. नॅस बंद असेल तर ३० सेकंदांनी एरर देतो, आणि नंतर कधीही पुन्हा उघडलं की नव्याने प्रयत्न करतो. १० मिनिटं कोणी वापरलं नाही तर उतरवून ठेवतो. 'नोऑटो' हवा की नको यावर वाद घालू नका. आताच्या सिस्टमडीत ऑटोमाउंट असेल तर तो असला-नसला सारखाच.

ही ओळ रीस्टार्ट न करता लागू करायची तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी अनमाउंट करा, मग डीमन-रीलोड, मग 'सिस्टमसीटीएल स्टार्ट एमएनटी-डेटा.ऑटोमाउंट'. माउंट आधीच असेल तर ऑटोमाउंट त्या जागेवर बसायला नकार देतो, आणि ऑप्शन चालत नाही असा गैरसमज होतो.

याचे तोटेही आहेत. नॅस बंद असताना बॅकअप, फाइल शोधणारी सेवा किंवा फाइल मॅनेजरची बाजूची पट्टी त्या फोल्डरला हात लावते, आणि तो प्रोग्रॅम ३० सेकंद गोठतो. शिवाय माउंट लागोपाठ भराभर पडत राहिलं तर सिस्टमडी ऑटोमाउंट युनिटलाच नापास करते, आणि नॅस परत आला तरी फोल्डर उघडत नाही. स्टेटसमध्ये 'माउंट-स्टार्ट-लिमिट-हिट' दिसेल. 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' द्या आणि ऑटोमाउंट पुन्हा सुरू करा.

सर्वांत महागडी चूक: रिकाम्या फोल्डरमध्ये लिहिणं

नोफेल टाकला की बूट अडकत नाही. पण मग त्या फोल्डरवर अवलंबून असलेल्या सेवाही अडकत नाहीत. डाउनलोड करणारा प्रोग्रॅम, फोटोंचा सर्व्हर, डेटाबेस, सगळे वेळेवर उठतात आणि /एमएनटी/डेटा या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या छोट्या एसएसडीवर, लिहायला लागतात. नंतर माउंट झालं की त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातात. त्या दिसत नाहीत, पण जागा खातात. डिस्कवर किती जागा भरली ते सांगणारी डीएफ म्हणते डिस्क भरली, फाइलींची बेरीज करणारी डीयू म्हणते एवढं काही नाही, आणि बेरीज जुळत नाही.

झाकलेलं बघायचं असेल तर मूळ फाइल सिस्टम दुसरीकडे बाइंड करा: 'माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ', आणि मग /एमएनटी/मूळ/एमएनटी/डेटा उघडा. तिथे काही सापडलं तर लगेच पुसू नका. तो खरा डेटा असू शकतो, आधी नॅसवर हलवा.

हे पुन्हा होऊ नये म्हणून दोन कड्या लावा. पहिली, 'सिस्टमसीटीएल एडिट सेवेचंनाव' देऊन युनिट विभागात एक ओळ:

रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/डेटा

आता माउंट झाल्याशिवाय ती सेवा उठणारच नाही. डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या) सेवेलाच ही ओळ लावली तर नॅस बंद असताना एकही कंटेनर उठणार नाही, अगदी ज्यांचा नॅसशी संबंध नाही तेही. म्हणून ज्याला खरंच डेटा लागतो त्या कंटेनरसाठी वेगळं युनिट लिहून त्याला ही ओळ लावणं बरं.

दुसरी कडी, माउंट उतरवून रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर +आय' (chattr +i, बदल बंद करणारी खूण) मारा. मग रूटलाही (मशीनच्या सर्वाधिकारी युजरलाही) त्या रिकाम्या फोल्डरमध्ये फाइल बनवता येत नाही. माउंट मात्र त्याच्यावर नेहमीसारखं होतं. पाच सेकंदांचं काम आहे. नुसतं परवानगी ००० करून भागत नाही, कारण रूट म्हणून चालणाऱ्या सेवा परवानगी जुमानत नाहीत.

सर्व्हरच्या बाजूने

नॅस म्हणजे साधं लिनक्स मशीन असेल तर हीच शर्यत तिकडेही चालते. एनएफएस सेवा उठली पण मोठी डिस्क अजून माउंट झाली नाही, तर सर्व्हर डिस्कखालचं रिकामं फोल्डरच निमूटपणे शेअर करतो. क्लायंटवर माउंट यशस्वी, एरर काही नाही, फाइली नाहीत. /ईटीसी/एक्सपोर्ट्समध्ये त्या ओळीला 'माउंटपॉइंट' हा ऑप्शन द्या. डिस्क खरोखर बसली असेल तरच मग शेअर होतं.

त्याच फाइलमध्ये क्लायंटचा पत्ता आणि कंस यांच्यात जागा सोडू नका. जागा सुटली तर त्या पत्त्याला मूळचे ऑप्शन लागतात, म्हणजे फक्त वाचायची मुभा, आणि कंसातली लिहायची मुभा साऱ्या जगाला जाते. बदल केल्यावर 'एक्सपोर्टएफएस -आरए'.

बूटला 'ॲक्सेस डिनाइड' आणि नंतर हाताने मात्र ठीक, असं होत असेल तर क्लायंटला दोन रस्ते आहेत का बघा. वायफाय आधी जोडलं गेलं, त्याचा पत्ता सर्व्हरच्या यादीत नाही, म्हणून नकार आला. हा नकार माउंट अंतिम मानतं, पुन्हा विचारत नाही. नंतर केबलचा रस्ता सुरू झाला तोवर उशीर झालेला असतो. दोन्ही पत्ते डीएचसीपीत (पत्ते वाटणाऱ्या सेवेत) पक्के करा आणि दोन्ही यादीत घाला.

आणखी एक प्रकार बिघाड वाटतो, पण तो बिघाड नाही. सर्व्हर नुकताच रीस्टार्ट झालाय, माउंट झालं, फोल्डरमधली नावंही दिसतात, पण फाइल उघडली की ती गोठते, आणि दीड मिनिटाने आपोआप सुटते. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत रीस्टार्टनंतर सर्व्हर जुन्या क्लायंटना आपापली लॉक परत मागायला मूळ ९० सेकंदांची सवलत देतो. तोवर नव्यांना थांबवतो. थांबा. या काळात घाईने क्लायंट रीस्टार्ट करून काही साधत नाही.

'सॉफ्ट' टाकण्याआधी

मशीन गोठण्याला वैतागून लोक 'सॉफ्ट' लिहितात. मूळ सेटिंग 'हार्ड' आहे: सर्व्हर गेला तर प्रोग्रॅम तो परत येईपर्यंत थांबतो आणि जिथे होता तिथून पुढे जातो. सॉफ्टमध्ये काही प्रयत्नांनंतर एरर मिळते, आणि लिहिण्याच्या मधे ती मिळाली तर फाइल अर्धवट राहू शकते. कित्येक प्रोग्रॅम ती एरर तपासतही नाहीत. फक्त वाचायचं शेअर असेल, सिनेमे किंवा आयएसओ, तर सॉफ्ट ठीक. जिथे लिहिता तिथे नको. बूट अडकण्यावर नोफेल आणि ऑटोमाउंट आहेत, त्यासाठी डेटा पणाला लावायचं कारण नाही. 'टाइमिओ' (सर्व्हरच्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची तो ऑप्शन) हाताळणार असाल तर लक्षात ठेवा, तो सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात: ६०० म्हणजे ६० सेकंद. ३० लिहून अर्धं मिनिट दिलं असं समजाल, पण प्रत्यक्षात तीन सेकंदच दिलेले असतात. आणि 'इंटर' हा जुना ऑप्शन कर्नल २.६.२५ पासून निव्वळ शोभेचा आहे.

तपासणी

एकदा रीस्टार्ट करून चाललं म्हणजे झालं असं धरू नका. रीस्टार्टमध्ये स्विच आणि नॅस जागेच असतात. किमान तीन वेळा वेगवेगळ्या प्रकारे उठवून बघा. एकदा नॅस बंद ठेवून मशीन चालू करा: बूट अडकू नये, आणि नॅसवर अवलंबून असलेली सेवा उठू नये. मग नॅस चालू करून फोल्डर उघडा: ते हाताने काही न करता भरलेलं दिसलं पाहिजे. एकदा केबल काढून चालू करा आणि दोन मिनिटांनी लावा. आणि शेवटी सगळ्यांची वीज एकदम बंद करून एकदम द्या. नॅस अर्थातच आधी नीट शटडाउन करून. केबल काढलेल्या मशीनवर मुद्दाम शटडाउनही करून बघा. हार्ड माउंट जिवंत असताना नेटवर्क गेलं तर मशीन बंद व्हायलाही बराच वेळ घेतं, आणि ते आज कळलेलं बरं.

प्रत्येक वेळी 'सिस्टमडी-ॲनलाइझ क्रिटिकल-चेन एमएनटी-डेटा.माउंट' ने साखळी बघा. नेटवर्क-ऑनलाइन आणि त्याच्याखाली वाट पाहणारी सेवा, दोन्ही साखळीत दिसली पाहिजेत. मग 'एनएफएसस्टॅट -एम' देऊन वाटाघाटीत कुठली आवृत्ती ठरली ते पाहा. तिथे तिसरी दिसली तर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये एकटं २०४९ उघडून भागणार नाही. तिसऱ्या आवृत्तीला १११ वरचा आरपीसीबाइंड, माउंटडी आणि लॉकच्या सेवाही लागतात, आणि त्यातली एखादी उशिरा उठली की वरची सगळी शर्यत पुन्हा सुरू. सर्व्हरला ४.२ ही आवृत्ती येत असेल तर ओळीत 'व्हर्स=४.२' लिहून टाका. मग क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात एकच पोर्ट उरतो, आणि 'एनसी -झेडव्ही १९२.१६८.१.२० २०४९' एवढ्या एका कमांडने सर्व्हर तयार आहे की नाही ते कळतं.